माझ्या गुडघ्यावर भरलेली परिषद

एका वैद्यकीय नियतकालिकात माझा फोटो छापून आलेला आहे. कमरेपासून खाली. डावा पाय लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये, उजवा मोकळा, परकर गुडघ्याच्या वर धरलेला, आणि तो धरणारे हात मनगटापाशी कापलेले. खाली इंग्रजीत लिहिलंय: रुग्ण, स्त्री, वय पंधरा. ज्यानं माझ्या पायाचं ते यंत्र बनवलं तो मिस्त्री त्या लेखात ‘स्थानिक कारागीर’ झालाय, आणि ज्या बाईला ती युक्ती सुचली ती माझी आई तर कुठंच नाही. तिथं आमची नावं नाहीत, म्हणून इथं मी डॉक्टरांची नावं घालणार नाही. फिटंफाट.

मी दीड वर्षाची असताना ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा डाव्या पायातलं बळ त्याच्याबरोबर गेलं होतं. पोलिओ हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला नवा नव्हता. मी चालायला शिकले ती डाव्या मांडीवर डावा हात दाबून. गुडघा अचानक दुमडू नये म्हणून प्रत्येक पावलाला त्याला हातानं मागं रेटायचं. त्यामुळं माझा डावा हात कायम पायाच्या चाकरीत, आणि दप्तर, डबा, छत्री हा सगळा संसार उजव्या हातात.

बाराव्या वर्षी माझ्या वडलांनी, आबांनी, मला मुंबईला नेलं आणि तिथून कॅलिपर आणलं. पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीला चामड्याचा पट्टा, गुडघ्यापाशी सांधा आणि त्यावर सरकणारी कडी. उभं राहिलं की कडी खाली पडते, सांधा अडकतो आणि पाय सरळ राहतो. बसताना कडी वर ओढायची, की गुडघा मोकळा. मोठी हुशारीची वस्तू. पण पट्ट्यांची खालची टोकं एका काळ्या जड बुटाच्या टाचेत कायमची बसवलेली होती, आणि तिथंच त्या हुशारीनं माती खाल्ली.

कारण आमच्यात घरात पायताण घालून कुणी येत नाही. आबा लोखंड ओतायच्या फौंड्रीत मोल्डर होते. दिवसभर काळ्या वाळूत साचे घालून ते घरी आले की आई त्यांना दारातच पाय धुवायला लावायची, मगच आत घ्यायची. शाळेतही वर्गाबाहेर चपलांची रांग असायची. देवळाचं तर सांगायलाच नको. म्हणजे माझं कॅलिपर चालायचं ते घराच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत. रस्त्यावर मी दोन्ही हात मोकळे सोडून चालणारी पोरगी, आणि आत गेले की पुन्हा मांडीवर हात. ज्या घरात माझं उठणंबसणं, त्याच घरात माझा पाय खुंटीला टांगलेला. वर्षभरात मला त्याचा असा वीट आला, की मी ते रस्त्यावरही घालेनाशी झाले. आई समजावून थकली, आबा रागावून थकले. मी बधले नाही.

मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा त्याची शिक्षा समोर आली. मुंबईचे एक मोठे सर्जन अधूनमधून आमच्या इथल्या इस्पितळात रुग्ण तपासायला यायचे. त्यांनी माझा गुडघा दाबून पाहिला, कॅलिपर का घालत नाही ते विचारलं, आणि मी उत्तर देत असतानाच आबांकडं वळून सांगितलं, की मग ऑपरेशन करून टाकू. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांना जोडायचं. गुडघा कायमचा ताठ. मग कॅलिपर नको, बूट नको, काही नको, सरळ चालेल पोरगी. आबांच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की मला त्यांची दयाच आली. कोटातल्या माणसापुढं ‘नाही’ हा शब्द आबांच्या तोंडातून कधी निघालेला मी ऐकला नव्हता.

मला मात्र तो ताठ गुडघा माहीत होता. इस्पितळातल्या बाकावर जवळच्या गडमुडशिंगी गावची एक मुलगी भेटली होती, तिचं हे ऑपरेशन झालेलं. चालायची छान, ते मी कबूल करते. पण तिनं सांगितलं, की एसटीत तिचा पाय मधल्या वाटेत आडवा येतो, लोक अडखळतात आणि वर तिलाच शिव्या देतात. जमिनीवर बसायचं तर कुणीतरी काखेत धरून खाली ठेवायचं, आणि उठायचं तर दोघींनी ओढून काढायचं. पंगतीला, भाकरी थापायला, हळदीकुंकवाला, प्रार्थनेला, आमचं सगळं आयुष्य जमिनीवर. ती हे हसत हसत सांगत होती आणि मी बाकावर माझा गुडघा वाकवून बघत होते.

सर्जननी आणखी एक सांगितलं. थंडीत आमच्याच कोल्हापुरात डॉक्टरांची आणि यंत्रं बनवणाऱ्या इंजिनिअरांची परिषद भरणार होती. माणसाच्या शरीराला जोडायच्या यंत्रांत जगात काय नवं चाललंय यावर भाषणं होणार होती, परदेशातून एक पाहुणा इंजिनिअर येणार होता. तिथं ते माझी केस मांडणार, आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. संमतीचा छापील कागद त्यांनी आबांच्या हातात दिला. आबांनी तो घरी आणून देवाच्या फोटोमागं ठेवला. म्हणजे देवाचीही संमती गृहीत धरली होती.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आईच आबांवर उखडली. ती अंगणातून नुकतीच आत आली होती.

“अंगणाचा खराटा मी घरात आणती व्हय?” ती म्हणाली. “भाईर खराटा, आत केरसुणी. झाडायचं काम एकच. मग हिच्या पायाला तसं का न्हाय? रस्त्याचा तळ येगळा करा, घराचा येगळा करा. वरचं लोखंड तेच ऱ्हाऊ द्या की.”

आबा तोंडात घास धरून तिच्याकडं बघत राहिले. मुंबईच्या कारखान्यात ज्यांनी माझं माप घेतलं त्यांना हे कधी सुचलं नसतं, कारण त्यांच्या डोक्यात बूट हा पायाचाच भाग होता. आईच्या डोक्यात तो रस्त्याचा भाग होता.

आबांच्या फौंड्रीला लागून असलेल्या शेडमध्ये एक मुसलमान मिस्त्री लेथवर ऑइल इंजिनाचे भाग घडवायचा. आबांचा जुना दोस्त. मी त्याला चाचा म्हणायचे. कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते लेथकडं बघून. आबांनी त्याला आईची गोष्ट सांगितली. त्यानं शेडच्या फरशीवर खडूनं काहीतरी काढलं, पायानं पुसलं, परत काढलं, आणि म्हणाला, व्हईल. पट्ट्या खाली वळवून तळपायाखाली घोड्याच्या रिकिबीसारखं एक चपटं लोखंड घ्यायचं. त्यात तळ बाजूनं सरकवायचा आणि एक खिट्टी घालून अडकवायचा. रस्त्यासाठी चपलेचा तळ, घरासाठी सागवानी फळी. दोन्हींची जाडी माझ्या उजव्या पायाशी जमवायची, म्हणजे रस्त्यावर चपलेएवढी आणि घरात अगदी पातळ. खिट्टी ओढली की तळ बाहेर. उंबऱ्यावर बसून मी तो स्वतः बदलायचा.

पंधरा दिवसांत यंत्र तयार झालं आणि मी ते चढवून बसले मात्र, किंचाळलेच. गुडघ्याचा सांधा माझ्या गुडघ्याच्या चांगला दोन बोटं खाली आला होता आणि वाकताना त्यानं कातडी चिमटीत धरली. आबा मिस्त्रीवर ओरडले, की माप घेतलं होतंस ना. मिस्त्री लेथकडं बघत म्हणाला, घेतलं. कशाचं, असं मी विचारलं. तेव्हा कुठं कळलं. परकरातल्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या पायाला हात कसा लावायचा, म्हणून त्या भल्या माणसानं नमुन्याला हवं म्हणून आबांना निरोप धाडून खुंटीवरचं जुनं कॅलिपर मागवून घेतलं होतं आणि त्याचं माप काढलं होतं. तीन वर्षांत पोरगी वाढते, हे त्याच्या ध्यानात होतं, पण ते बोलून दाखवणंही त्याला बरं वाटलं नव्हतं. मला इतका राग आला, आणि त्याच वेळी इतकं हसू, की दोन्ही मिळून मी रडले.

मग मीच म्हणाले, सुतळी द्या. मिस्त्री आमच्याकडं पाठ करून लेथसमोर उभा राहिला आणि तिथून सांगत गेला. टाचेपास्नं घोट्याच्या हाडापतोर, मार गाठ. घोट्यापास्नं गुडघ्याच्या मधोमध, मार गाठ. आईनं सुतळीचं टोक टाचेपाशी धरलं, मी गुडघा वाकवून, सरळ करून, तो नक्की कुठून वळतो ते बोटानं चाचपलं आणि गाठी मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायाचं माप मी घेतलं होतं. आबा दारात उभे राहून बाहेर बघत होते. दुसऱ्या खेपेला सांधा बरोब्बर बसला.

त्यानंतर महिनाभर मी घरात दोन्ही हात हलवत हिंडले. उगाचच हिंडले. स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर, बाहेरून परत आत. मांडी घालून बसायचे, उठायचे, परत बसायचे. आई म्हणाली, आता जरा टेक. पण कागद फोटोमागं होता तसाच होता. आबा म्हणत, ह्ये ठीक हाय, पन मोठा डॉक्टर म्हणतोय ते काय उगीच म्हणतोय का. माझं यंत्र लेथवर झालेलं आणि त्यांचं ऑपरेशन पुस्तकातलं. आबांच्या तराजूत पुस्तक जड होतं.

परिषद राजारामपुरीतल्या एका सभागृहात भरली. मी, आबा आणि मिस्त्री सकाळपासून मागच्या दारापाशी बसलो होतो. पडद्यावर परदेशातल्या प्रयोगशाळांची चित्रं दाखवत होते. मुलं गुळगुळीत फरशीवर बूट घालून चालतायत, खुर्चीवर बसतायत, खुर्चीवरून उठतायत. पायाला तारा लावलेल्या, कागदावर रेषा उमटतायत. ते बघून मी खरंच हरखले, खोटं कशाला बोलू. पण त्या सगळ्या चित्रांत एकही माणूस जमिनीवर बसलेला नव्हता. मी मोजत नव्हते, वाट बघत होते.

दुपारी माझा नंबर आला. सर्जननी इंग्रजीतून माझ्या पायाची हकिगत सांगितली आणि मला वर बोलावलं. व्यासपीठावर देवीची तसबीर आणि समई ठेवली होती, त्यामुळं सकाळपासून प्रत्येकजण, खुद्द परदेशी पाहुणासुद्धा, बूट खाली काढून वर जात होता. पायरीपाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकानं सवयीनं मला सांगितलं, चप्पल खाली काढ. आणि मग माझ्या पायाकडं लक्ष जाऊन त्याचं तोंड एवढंसं झालं. सर्जन वरून म्हणाले, राहू दे, तशीच ये.

तशीच? मी पायरीवर बसले. उजव्या पायातली चप्पल काढली. मग खिट्टी ओढली, रस्त्याचा तळ बाहेर काढून उजव्या चपलेशेजारी नीट ठेवला, पिशवीतून सागवानी फळी काढून सरकवली. सगळं सभागृह माझ्याकडं बघत होतं. मी उठले, तीन पायऱ्या चढले, व्यासपीठाच्या मधोमध आले आणि धाडकन पडले.

चूक मिस्त्रीची नव्हती. घाईत मी खिट्टी पुरती आत ढकललीच नव्हती. फळी सटकून एकीकडं गेली, मी एकीकडं. चारपाच जण धावले. सर्जननी हात पुढं केला आणि तो करताकरता ते लोकांकडं वळले, बघा मी काय म्हणत होतो, अशा चेहऱ्यानं. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

“हात लावू नका कुणी,” मी म्हणाले.

मी कड्या वर ओढल्या. गुडघा मोकळा केला. सरकत जाऊन फळी ओढून घेतली, बसवली, खिट्टी तळहातानं ठोकली. मग हातांवर आणि डाव्या गुडघ्यावर भार घेऊन उजवं पाऊल रोवलं, उठले, पाय सरळ केला तशा कड्या टक्कन खाली पडल्या. हे सगळं मी घरात हजारदा केलेलं होतं. तिथं मात्र त्याला फार वेळ लागल्यासारखं वाटलं.

“गुडघा ताठ असता तर मी अजून खालीच असती, सायब,” मी म्हणाले. “मी पडणारच हाय. मला उठता आलं पायजे.”

आमच्या इथल्या हाडांच्या एका तरुण डॉक्टरनं ते इंग्रजीत करून सांगितलं. त्यानं ते सौम्य केलं असणार, डॉक्टर लोक करतात. पण परदेशी पाहुणा खुर्चीतून उठला, माझ्या पायापाशी गुडघे टेकून बसला आणि खिट्टी आतबाहेर करून बघायला लागला. त्यानं विचारलं, हे कुणी केलं. मी मागच्या दाराकडं बोट दाखवलं. मिस्त्री उठून सरळ बाहेर निघून गेला. मग मला परकर वर धरायला लावून फोटो काढले गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पन्हाळा दाखवायचा बेत होता. बाकीचे गेले. हा इंजिनिअर आमच्या तरुण डॉक्टरला घेऊन मिस्त्रीच्या शेडमध्ये आला; मीही तिथं होते. त्यानं आराखडा मागितला. मिस्त्रीनं सुतळी काढून दिली. पाहुण्यानं गाठी बघितल्या, मला जवळ बोलावलं आणि माझ्या पायाला सुतळी न लावता, नुसती माझ्यासमोर धरून विचारलं, ही गाठ कशाची. मी सांगत गेले, तो वहीत लिहीत गेला. मग त्यानं फरशीवर खडूनं त्यांच्याकडचा एक हलक्या धातूचा सांधा काढून दाखवला. मिस्त्रीनं तो बराच वेळ बघितला आणि डॉक्टरला म्हणाला, त्येंना सांगा, बारीक पिन हिथल्या धुळीत झिजंल. पाहुण्यानं पिन जाड काढली. मिस्त्रीनं मान हलवली. तासभर दोघांचं असं खडूवर चाललं होतं. मी पुढं पुष्कळ परिषदांची पत्रकं वाचली, पण इतकी सरळ परिषद मी दुसरी पाहिली नाही.

जाण्याआधी त्या पाहुण्याला फरशीवरचं खडूचं चित्र जवळून बघायचं होतं म्हणून तो मांडी घालून बसायला गेला. बसता आलं नाही. उकिडवं बसून बघितलं, तेही जमलं नाही. शेवटी लेथ धरून उठला आणि आपल्या धडधाकट गुडघ्यांना हात लावून माझ्याकडं बघून हसला. मीही हसले.

पण पाहुणा गेला आणि कागद राहिला. पुढच्या आठवड्यात आम्ही इस्पितळात गेलो. सर्जन चिडले नव्हते, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. ते शांतपणे म्हणाले, की व्यासपीठावर टाळ्या मिळवणं वेगळं आणि पन्नास वर्षं चालणं वेगळं. ही पडत राहील. एक दिवस हाड मोडून येईल. लोखंड झिजेल, मिस्त्री म्हातारा होईल, तेव्हा काय करणार. त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. त्यांनी पेन आबांच्या पुढं ठेवलं.

आबांनी पेन उचललं. त्यांची बोटं भाजलेली, जाड, पेन त्यांच्या हातात नेहमीच चुकल्यासारखं दिसायचं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पेन परत टेबलावर ठेवलं, सरळ, डॉक्टरांकडं टोक न येईल असं.

“न्हाय, सायब,” आबा म्हणाले. “गुडघा तिचा हाय. तिला न्हाय म्हणायचं हाय.”

मग त्यांना काय करावं सुचेना, म्हणून ते उठून उभे राहिले आणि सर्जनना नमस्कार करून बाहेर गेले. बाहेर व्हरांड्यात ते माझी वाट बघत उभे होते. आयुष्यभर त्यांच्यावर मी किती तोंड सोडलं होतं, ते सगळं मला तिथं आठवलं.

त्यानंतर मी पुष्कळ पडले. कॉलेजात असताना राजारामपुरीतल्या एका गल्लीत, भर दुपारी, चिटपाखरू नसताना पडले आणि डाव्या हाताचं मनगट मोडलं. इस्पितळात गेले तर नेमके तेच सर्जन आलेले. केस पिकले होते, पण त्यांनी मला ओळखलं. मनगट फिरवून बघितलं, प्लॅस्टर बांधायला घेतलं.

“मी म्हणालो होतो, तू पडशील,” ते म्हणाले.

मी म्हणाले, व्हय, म्हणाला होता.

पट्टी गुंडाळताना मान वर न करता त्यांनी विचारलं, “तिथून उचललं कुणी तुला?”

“कुणी न्हाय,” मी म्हणाले.